घर पाहावे वाजवून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. परंतु सगळ्यांच्याच नशिबी घर बांधणे नसते. दुसऱ्याने बांधलेले, मुंबईला गेलेल्या कुणीतरी बंद करून ठेवलेले घर विकत घेणे एवढेच पुष्कळांच्या आवाक्यात असते. अशा माणसांनी ती म्हण थोडी बदलून घ्यावी. बांधून नाही तर नाही, निदान वाजवून तरी पाहावे.

वाजवून म्हणजे काय ते पुढे येईलच. वार्षिकासाठी मी गिलाव्यावर लिहिणार आहे असे सांगितले तेव्हा माझी मैत्रीण हसत सुटली. "अगं, गिलाव्यावर कुणी लेख लिहितं का? पावसावर एखादी कविता दे." पावसावर कविता मला जमत नाही. पाऊस भिंतीचे काय करतो ते मात्र मी जवळून पाहिले आहे. माझे वडील गवंडी आहेत, आई त्यांच्या हाताखाली घमेली वाहते, आणि सुट्टीत मीही वाहिली आहेत. अपूर्णांक मला शाळेत कळले नव्हते. 'एकास चार', 'एकास सहा' ही सिमेंट-वाळूची मापे टाकताना कळले. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडाबहुत अधिकार मला आहे असे मी समजते.

घर बघायला जाणारी माणसे काय पाहतात? खोल्या किती, लादी कोणती, विहिरीला पाणी किती, रस्त्यापासून किती आत. बाहेरच्या भिंतीकडे पाहिलेच तर तिचा रंग पाहतात. रंगाच्या आत जो बोटभर जाडीचा थर असतो, त्याच्यावर सबंध घराचे आयुष्य अवलंबून असते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजीत या बाहेरच्या थराला स्टको म्हणतात असे मी शब्दकोशात पाहिले. आपला 'गिलावा' हा शब्द त्याहून काही कमी नाही.

आमच्या दक्षिण कोकणात भिंती जांभ्याच्या. जांभ्याचा चिरा खाणीतून काढतेवेळी मऊ असतो, हवेवर राहिला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रज अमदानीतल्या अधिकाऱ्याने १८०७ साली मलबारात हा दगड पाहून त्याला लॅटराइट असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. भूगोलाच्या तासाला सरांनी हे सांगितले तेव्हा मला गंमत वाटली, कारण आमच्याकडे चिऱ्याचा उपयोग अगदी विटेसारखाच होतो. या दगडाच्या अंगी लोह असते म्हणून तो तांबडा, आणि त्याच्या पोटात असंख्य बारीक भोके असतात म्हणून तो पाणी पितो. वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी पिणाऱ्या दगडाची घरे बांधायची, तर त्याला बाहेरून काहीतरी पांघरूण हवेच.

हे पांघरूण काढून टाकल्यावर काय होते याचे मोठे उदाहरण आमच्यापासून फार लांब नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल जुन्या गोव्याला गेली होती. तेथे बाँ जेझूस बॅसिलिका आहे. १५९४ साली बांधायला घेतलेली आणि १६०५ साली पुरी झालेली. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव तेथे ठेवले आहे म्हणून जगभरची माणसे येतात. समोरचे से कॅथेड्रल पांढरेशुभ्र, आणि ही मात्र तांबडीलाल. बरोबरच्या मुली म्हणाल्या, किती जुनी वाटते नाही! पण ही इमारत काही पहिल्यापासून अशी उघडी नव्हती. तिच्यावरही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीजांच्याच अमदानीत, दुरुस्तीच्या वेळी तो काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तिचा जांभा दर पावसाळ्यात भिजतो आणि उन्हाळ्यात वाळतो. अलीकडे तिच्या जपणुकीची काळजी वाहणाऱ्यांपैकी काही जण पुन्हा गिलावा करा म्हणून मागणी करीत आहेत. दुसरीकडे लोकांना आता तांबडे रूपच ओळखीचे झाले आहे, ते बदलू नये असेही म्हणणारे आहेत. मी मागल्या बाजूच्या भिंतीला हात लावून पाहिला तर बोटांना तांबडी पूड लागली. मुली फोटो काढीत होत्या. मला मात्र वडिलांना तेथे आणायला हवे होते असे वाटत राहिले.

आता गिलाव्याचे प्रकार. फार मागे गेले तर मातीचा. अजिंठा-वेरूळची चित्रे ज्यावर काढली तो मातीचाच गिलावा. त्यात भाताचा कोंडा, गवत, झाडपाल्याचे तंतू घालीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे आले आहे. (यावर वर्गात जो हशा पिकला तो येथे सांगत नाही.) त्यानंतर चुन्याचा. आणि आता सिमेंटचा, जो आपण सगळेच ओळखतो. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज कारागिराने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि आपल्याकडे पोरबंदरला १९१४ साली सिमेंट निघू लागले. म्हणजे आपल्या गावातले जे घर शंभर वर्षांचे आहे, त्याच्या मूळ भिंतीत सिमेंट असण्याचा संभव जवळजवळ नाही. ही साधी गोष्ट आम्ही विसरलो, आणि ती आम्हांला महाग पडली.

२०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही घर घेतले. तोवर आम्ही दुसऱ्याच्या पडवीत भाड्याने राहत होतो. वीस वर्षे दुसऱ्यांच्या घरांना गिलावा करणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर, त्यामुळे त्या घराची अपूर्वाई काय सांगावी! मी तेव्हा दहावीत होते. चौसोपी वगैरे नव्हे, साधेच तीन खणी घर. मंगलोरी कौले, पुढे ओटी, मागे न्हाणी. चिऱ्याच्या भिंती मातीत रचलेल्या आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. पतसंस्थेचे कर्ज, आईच्या बांगड्या आणि मामाचे उसने असे त्यात गेले.

कागदपत्रांच्या बाबतीत वडील फार सावध होते, ते येथे थोडक्यात सांगते, कारण कोकणात घर घेताना भिंतीपेक्षा कागद अधिक फसवतात. सातबाऱ्यावर सात हिस्सेदार, त्यातले चार मुंबईला, एक बडोद्याला. एकाची सही राहिली तरी पुढे कोर्ट आहेच. घरपट्टीचा उतारा एकाच्या नावावर असतो आणि तो म्हणतो घर माझे. परंतु घरपट्टी भरली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. सर्वांच्या सह्या होऊन खरेदीखत नोंदवायला आम्हांला आठ महिने लागले. एवढी काळजी कागदांची घेतली, आणि भिंतीच्या बाबतीत मात्र 'ते आपलेच काम' म्हणून निर्धास्त राहिलो.

खरे तर भिंत वाजवायला मला वडिलांनीच शिकवले. "भिंत बोलता गो, नीट आयक," असे ते म्हणत. बोटाच्या पेराने किंवा जुन्या रुपयाच्या नाण्याने गिलाव्यावर हलके ठोकत जायचे. घट्ट बसलेल्या गिलाव्याचा आवाज बद्द, भरीव येतो. सुटलेल्याचा आवाज पिकल्या कलिंगडासारखा पोकळ येतो. पोकळ आवाज आला की तेथे खडूने गोल करायचा. सबंध भिंत अशी वाजवून झाल्यावर लांब उभे राहून पाहिले की दुखणे कोठून कोठे गेले आहे ते नकाशासारखे दिसते. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत गोल असतील तर ओल जमिनीतून वर चढते आहे. छपराखाली असतील तर कौल फुटले आहे किंवा पन्हळ गळते आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांशी असतील तर खिडकीच्या कडेने पाणी आत जाते आहे. आणि पश्चिमेची भिंतच्या भिंत पोकळ वाजली तर ती झडीची करामत. आमच्याकडे पाऊस वरून पडतो तसाच आडवाही येतो.

भेगांचेही असेच. केसासारख्या बारीक, जाळीसारख्या भेगा असतील तर त्या गिलाव्यापुरत्याच असतात. परंतु दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, बोट जाईल एवढी भेग वर गेली असेल तर भिंत किंवा पाया हलला असण्याचा संभव असतो. ती अजून हलते आहे की थांबली आहे हे पाहण्याची जुनी युक्ती अशी : भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख घालून ठेवायची. काच तडकली तर भिंत चालते आहे असे समजावे. घर घेण्यापूर्वी असे करू देणारा मालक भेटणे कठीण, ही गोष्ट निराळी.

शिवाय घर पाहावे ते पावसात. मे महिन्यात सगळीच घरे कोरडी असतात. आणि भिंतीच्या एवढ्याच तुकड्याला ताजा रंग का लावला आहे, कपाट नेमके तेथेच का ठेवले आहे, अंगणातली माती भरून जोत्याच्या वर का आली आहे, असे प्रश्न विचारायला लाजू नये. भिंतीतून पिंपळाचे रोप डोकावत असेल तर त्याला नमस्कार करून मुळे कोठवर गेली आहेत ते पाहावे.

आता आमचे काय झाले ते.

घर ताब्यात आले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा काळा पडला होता, शेवाळ धरले होते, ठिकठिकाणी पोपडे सुटले होते. २०२२ च्या मे महिन्यात वडिलांनी तो भाग हातात घेतला. सुटलेला चुना त्यांनी काढला; घट्ट होता तो राहू दिला, आणि सगळ्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. तोही एकास सहा नव्हे, एकास तीन. आपल्याच घराला सिमेंटची काटकसर कशाला? गुरमाळा फिरवून भिंत अशी गुळगुळीत केली की येणारे-जाणारे हात फिरवून बघत. पाणीही आठ दिवस मारले; मीच मारले, सकाळ-संध्याकाळ. कामात खोट म्हणून काढायला जागा नव्हती.

पहिल्या पावसात बारीक भेगा दिसल्या. वडील म्हणाले, रंग लावू मग बुजतील. बाहेरून रंग लावला. त्या हिवाळ्यात आतल्या बाजूने भिंतीला पांढरे लोण फुटले, मिठासारखे, आणि आजीच्या खाटेमागची भिंत हाताला गार लागू लागली. दुसऱ्या पावसात बाहेरून पोट आल्यासारखा फुगा दिसला. २०२३ च्या श्रावणात एका रात्री मोठा आवाज झाला. आम्हांला वाटले आंबा पडला. कंदील घेऊन बाहेर गेलो तर दाराएवढा गिलाव्याचा तुकडा आजी ज्या ठिकाणी बसून तांदूळ निवडते तेथे पडला होता. त्याच्या पाठीला जुना चुना तसाच चिकटलेला होता. चुन्यासकट सुटून आला होता तो, आणि आतला चिरा एखाद्या ओल्या स्पंजासारखा निथळत होता.

आजी एवढेच म्हणाली, "गवंड्याचा घर, आणि गिलावो जमनीर!"

तिने विनोदाने म्हटले, पण गावाने ते विनोदाने घेतले नाही. ज्याच्या स्वतःच्या भिंतीला गिलावा राहत नाही त्याला काम कोण देणार? ठरलेली दोन कामे त्या महिन्यात दुसरीकडे गेली. वडील संध्याकाळी ओटीवर न बसता मागल्या बाजूला बसू लागले. मी त्या वर्षी बारावीत होते. पुढे कॉलेजात घालायचे की नाही हा विषयही त्याच दिवसांत निघाला होता, हे येथे लिहावे की लिहू नये असा मला प्रश्न पडला. लिहिले.

वडिलांचे एक जुने ओळखीचे गवंडी, त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठे, आता काम सोडलेले, ते बघायला आले. भिंतीला हात लावून म्हणाले, "तू भिंतीचा तोंड बांधलंस. मगे ता पाणी भायर खयसून येतला?"

या एका वाक्यात सगळे आहे. मी पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन जे वाचले त्याने त्याच्यात भर पडली, बदल काही झाला नाही. जुन्या भिंतीत पाणी येणारच. जमिनीतून येते, हवेतून येते, कौलातून येते. मातीत रचलेल्या भिंतीला खाली ओल अडवणारा थरही नसतो. अशी भिंत जिवंत राहते ती पाणी आत येत नाही म्हणून नव्हे, तर आलेले पाणी वाफ होऊन बाहेर जाऊ शकते म्हणून. चुन्याचा गिलावा वाफेला वाट देतो. सिमेंटचा, त्यातून एकास तीनचा, फारच कमी देतो. तो कडकही असतो; भिंत उन्हापावसात किंचित हलते, चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट हलत नाही, तडकते. सिमेंट जितके जास्त, तितका गिलावा वाळताना आवळतो आणि तितक्या भेगा अधिक. त्या भेगांतून पाणी आत जाते ते धो धो, आणि बाहेर यायला वाट मात्र केसाएवढी. मग पाण्यात विरघळलेले क्षार गिलाव्याच्या मागे साचतात, त्यांचे खडे बनतात, आणि ते खडे गिलाव्याला आतून ढकलतात. फुगा म्हणतात तो हा.

म्हणजे गिलावा हा भिंतीपेक्षा कमजोर हवा. ऐकायला हे उलटे वाटते. आम्हांलाही वाटले. परंतु झिजायचेच असेल तर गिलाव्याने झिजावे, चिऱ्याने नव्हे. गिलावा पुन्हा करता येतो. येथे सिमेंटला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. सिमेंटमध्ये रचलेल्या चिऱ्याच्या किंवा विटांच्या नव्या भिंतीला सिमेंटचाच गिलावा योग्य, बाहेरून वीस मिलिमीटर, दोन थरांत, एकास चार ते एकास सहा. जोडीला काय जोड, एवढाच प्रश्न.

चुन्याची करणी मोठी मजेची आहे. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. आमच्याकडे पूर्वी खाडीकाठी शिंपल्यांच्याच भट्ट्या लागत. कळीवर पाणी पडले की ती उकळते, फसफसते, फुटते. याला चुना विझवणे म्हणतात. विझलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. दगडाचा दगड, मधे फक्त आपल्या हातात मऊ होऊन येतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर चुन्यात उमटलेले, शिवाजी महाराजांच्या हातापायाचे म्हणून दाखवतात ते ठसे आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिले आहेत. किल्ल्याचे बांधकाम १६६४ ते १६६७ चे. ठसा उमटला तेव्हा मऊ होता तो हाच चुना.

दिवाळीनंतर वडिलांनी पश्चिमेची भिंत पूर्ण सोलली. सिमेंटचा उरलेला भाग काढताना पुष्कळ ठिकाणी चिऱ्याचा टवकाही आला, कारण सिमेंट जेथे चिकटले होते तेथे ते दगडापेक्षा बलवान होते. मग ती भिंत तीन महिने तशीच उघडी ठेवली, वाळायला. शेजारी विचारीत, पैसे संपले काय? संपलेही होते.

चुना घाटावरून आणवला. पिंपात आधी पाणी घालून त्यात कळी थोडी थोडी टाकायची. कळीवर पाणी ओतायचे नाही, अंगावर उडते. डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याची भीती, म्हणून वडिलांनी डोळ्यांना चष्मा आणि मला दहा हात लांब उभे केले होते. महिनाभर तो पाण्याखाली मुरवला. पूर्वी बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली चुना मळीत. जुन्या वाड्यांच्या नि किल्ल्यांच्या आवारात त्या गोल घाण्या अजून दिसतात. आमच्याकडे बैलही नव्हता आणि घाणीही नव्हती. लाकडी धोपाटण्याने आम्ही तिघांनी मळला. एक भाग चुना, एक भाग विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, आणि दोन भाग धुतलेली वाळू. त्यात हिरड्याचे आणि गुळाचे पाणी. सुरखीमुळे ओलसर हवेतही चुना धरतो. वाळू गोड्या पाण्याचीच हवी. खारी वाळू गिलाव्यात गेली की मीठ हवेतली ओल ओढीत राहते. वाळूत माती किती हे पाहायला बाटलीत वाळू-पाणी घालून हलवावे आणि तासभर ठेवावे. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

लावण्याआधी सांधे बोटभर उकरून झाडून घेतले आणि भिंत भिजवली. पहिला थर पातळ, त्यावर खिळ्याने रेघा. तो धरल्यावर दुसरा. त्यावर बारीक चुन्याचा हात. उन्हाने भसकन वाळू नये म्हणून वर ओली गोणपाटे बांधली. सिमेंटचे काम दोन दिवसांत झाले असते. याला सव्वा महिना लागला. मळलेले सिमेंट अर्ध्या तासात संपवावे लागते, पुन्हा पाणी घालून मळले की ते मेलेच. चुना मात्र ओला झाकून ठेवला तर वाट पाहतो. पण त्याची घाई पावसाच्या आत उरकावी लागते, कारण पुरता न धरलेला चुना पहिल्याच सरीत धुपून जाईल. म्हणून चुन्याचे काम दिवाळी ते शिमगा या काळातच.

२०२४ आणि २०२५ चे दोन पावसाळे त्या भिंतीने काढले. मी अजूनही ती वाजवते. आतली भिंत हाताला गार लागायची थांबली आहे; लोण मात्र पहिल्या वर्षी आले, ते कोरड्या कुंच्याने झाडून काढीत राहायचे असते, ओल्या फडक्याने पुसायचे नसते, नाहीतर ते परत आत जाते.

गिलावा एकदा केला म्हणजे झाले असे मात्र नाही. दरवर्षी आता मे महिन्यात आमच्याकडे ठरलेली कामे असतात. कौले चाळायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, भिंतीला टेकलेल्या फांद्या तोडायच्या. जोत्याशी साचलेली माती खरवडून अंगणाला उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा. पागोळ्यांचे पाणी भिंतीवर उडू नये म्हणून त्यांच्या रेषेत खडी टाकायची. पोकळ वाजलेला तुकडा चौकोनी कापून काढायचा, धूळ झाडून, भिजवून, त्याच जातीच्या गिलाव्याने भरायचा. मग चुन्याची सफेदी. गाळलेल्या चुन्यात डिंकाचे पाणी आणि शेवाळासाठी चिमूटभर मोरचूद. सफेदी दाट एका हातात देऊ नये, पातळ दोन-तीन हात द्यावेत. प्लास्टिकसारखा रंग फासून चुन्याचे तोंड पुन्हा बांधू नये, हे आता आमच्या घरात कुणाला सांगावे लागत नाही.

गेल्या वर्षभरात वडिलांना जुन्या घरांची तीन कामे मिळाली, चुन्याचीच. त्यातले एक ज्यांनी त्या श्रावणात काम काढून घेतले होते त्यांचे. वडिलांनी काही न बोलता भिंत वाजवली, खडूने गोल केले आणि मला म्हणाले, "लिही गो, किती घमेली लागतली ता." मी हिशेब केला. आमच्या घराची उत्तरेची भिंत तेवढी अजून राहिली आहे. तिच्यावर अर्ध्या भागात सिमेंट आहे, तेही आधीच्या मालकाचे. पतसंस्थेचा हप्ता फिटला तर येत्या दिवाळीनंतर ती सोलायला काढायची आहे. पिंपात चुना आताच विझवून ठेवला आहे.